मर्सिडीजच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ पुन्हा चालू करताना

आमच्या गाडीतलं घड्याळ २०२०च्या लॉकडाउनमध्ये बंद पडलं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबले ते पाच वर्षं तिथेच होते. ते पुन्हा चालू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. खरं काम सगळं मिळून दोन-तीन दिवसांचं होतं, पण योग्य माणसापर्यंत पोचायला आणि एका पार्सलची वाट बघायला आठ महिने गेले. या काळात मराठीत कुणी लिहिलेलं काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं बऱ्याचदा वाटलं. म्हणून झालं ते सगळं खर्चासकट लिहून ठेवते आहे.

गाडी १९७२ची मर्सिडीज २२० डी. कंपनीच्या भाषेत डब्ल्यू ११५. ही मालिका १९६८मध्ये आली आणि १९७६पर्यंत बनत होती. पूर्वी परदेशी वकिलातींच्या गाड्या एसटीसीमार्फत, म्हणजे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आजोबांनी ही तशीच दिल्लीहून १९७९मध्ये घेतली. त्या व्यवहाराचे कागद बाबांनी अजून फायलीत लावून ठेवले आहेत. आजोबांनंतर गाडी बाबांची झाली. आता तेल-पाणी मी बघते, पण ती बाबांचीच गाडी आहे.

या गाडीच्या डॅशबोर्डवर तीन गोल तबकड्या आहेत. मधली वेगाची, एका बाजूला डिझेल, तापमान आणि ऑइल प्रेशर दाखवणारी, आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच मोठं घड्याळ. गाडी चालवणाऱ्याच्या नजरेसमोर वेगाएवढ्याच मानाने वेळ ठेवलेली. लहानपणी कोल्हापूरला जाताना चहासाठी गाडी थांबायची, बाबा इंजिन बंद करायचे. डिझेलचा तो धडधडाट थांबला की मागच्या सीटवर मला एक आवाज ऐकू यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. मी आकडे मोजत बसायची आणि पुढचा टक् येईपर्यंत झोपायची नाही असं ठरवायची. घड्याळ बंद पडल्यावर मला वेळेपेक्षा तो आवाज जास्त आठवायचा.

आवाज कसला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हे आतून किल्लीचंच घड्याळ असतं. फक्त किल्ली हाताने न देता गाडीची बॅटरी देते. आत एक छोटी कमान, म्हणजे स्प्रिंग असते, ती दोन-तीन मिनिटंच पुरते. कमान उतरली की एक पत्री दुसऱ्या पत्रीला टेकते, कॉइलमधून करंट जातो, चुंबक एक झटका देतो, त्या झटक्याने कमान भरते आणि पत्र्या सुटतात. करंट जातो तो क्षणभरच. तो झटका म्हणजेच टक्. क्वार्ट्झ घड्याळं गाड्यांत येण्याआधी अनेक जर्मन आणि अमेरिकन गाड्यांत याच तत्त्वावरची घड्याळं असत. तुमच्या गाडीतलं घड्याळ मधूनमधून असा आवाज करत असेल, किंवा पूर्वी करत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

लॉकडाउनमध्ये गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडीच महिने उभी राहिली आणि बॅटरी पूर्ण उतरली. जूनमध्ये नवी बॅटरी घातली. गाडी सुरू झाली, घड्याळ झालं नाही. २०२२मध्ये सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजमध्ये घड्याळही बघायला सांगितलं होतं. तिथल्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, बीप आला नाही. "कॉइल जळली आहे, आता काही होणार नाही," असं सांगून त्याने मागच्या छिद्रातून गंज सोडवायचा स्प्रे मारून बघितला आणि घड्याळ परत बसवलं. तो स्प्रे पुढे आम्हाला महागात पडला. घड्याळात कुठलाही स्प्रे कुणाला मारू देऊ नका, एवढं एक लक्षात ठेवा.

मग विषय मागे पडला. तो पुन्हा निघाला २०२४च्या दिवाळीत, कारण पुढच्या नोव्हेंबरमध्ये बाबांचं सहस्रचंद्रदर्शन यायचं होतं. त्या दिवशी त्यांना त्यांच्याच गाडीतून कार्यालयात न्यायचं आणि घड्याळ चालू असायचं, असं मी मनाशी ठरवलं. त्यांना सांगितलं नाही. जमलं नसतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

जानेवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात शोध सुरू केला. पुण्यात मर्सिडीज बनू लागली १९९५पासून, पिंपरीत टेल्कोच्या आवारात. ती होती डब्ल्यू १२४. त्यामुळे त्या मॉडेलपासून पुढच्या गाड्यांची माहिती असलेले मेकॅनिक इथे भरपूर आहेत. त्याआधीच्या गाडीचं इंजिनसुद्धा एखादा जुना मिस्त्री डोळे मिटून खोलेल. घड्याळाचं नाव काढलं की मात्र सगळे क्वार्ट्झ सुचवतात. एका ठिकाणी ६,५०० रुपये सांगितले: तबकडी आणि काटे तेच ठेवायचे, आतलं यंत्र काढून टाकायचं आणि क्वार्ट्झ मशीन बसवायचं. वेळ अचूक मिळेल, बॅटरी फार खाणार नाही. ज्यांना फक्त काटे फिरायला हवेत त्यांच्यासाठी हा पर्याय वाईट नाही. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. टक् गेला असता.

नंतर लक्ष्मी रोडवर एका शनिवारी चार दुकानं फिरले. सगळीकडे उत्तर एकच, "गाडीचं घड्याळ आम्ही घेत नाही." एका दुकानात काउंटरवरच्या आजोबांनी मात्र विचारलं, "आणलंय का बरोबर?" आणलं नव्हतं, ते गाडीतच होतं. ते म्हणाले, "वस्तू हातात असल्याशिवाय कोण काय सांगणार? आधी काढून आणा." हे मला आधीच सुचायला हवं होतं.

९ फेब्रुवारीच्या रविवारी मी आणि माझ्या मावसभावाने घड्याळ काढलं. तीन तास लागले. ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टिअरिंग कॉलमवर जाड टॉवेल टाका. पाठीमागून स्पीडोमीटरची केबल सोडवा आणि तबकड्यांचा अख्खा संच हळूहळू पुढे घ्या. इथे घाई केली तर मोठं नुकसान होतं, कारण ऑइल प्रेशरचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनातलं खरं तेल एका बारीक नळीतून तिथपर्यंत येतं. ती नळी सोडवताना खाली चिंधी धरली नाही तर गालिच्यावर तेल सांडतं. तापमानाच्या काट्याची तांब्याची केसासारखी नळी तर इंजिनापासून थेट काट्यापर्यंत अखंड असते. ती मधून सुटत नाही, आणि मुरगळली की गेज कायमचं गेलं. म्हणून संच पूर्ण बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. वीतभर पुढे घेऊन तिरका करा, घड्याळाचे मागचे स्क्रू सोडवा आणि तेवढंच घड्याळ काढून घ्या. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. आम्ही वायरींना चिकटपट्टी लावून त्यावर नंबर घातले होते. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

घड्याळ हातात घेतलं तेव्हा ते अपेक्षेपेक्षा जड लागलं. मागच्या पत्र्यावर किएन्झले हे नाव होतं. जर्मनीतल्या श्वेनिंगेन गावची ही घड्याळांची जुनी कंपनी. छिद्राभोवती त्या स्प्रेचा पिवळट चिकट थर जमला होता.

२३ फेब्रुवारीला, तोही रविवारच, ते एका डब्यात घालून जुन्या बाजारात नेलं. बुधवार आणि रविवारी भरतो तो, मंगळवार पेठेतला. जुनी गजराची घड्याळं घेऊन बसणाऱ्या एका विक्रेत्याने डबा उघडून बघितला आणि म्हणाला, "हे कसब्यात न्या." त्याने एका गृहस्थांचा पत्ता सांगितला. दुकान नाही, पाटी नाही. राहत्या घरात खिडकीपाशी टेबल टाकून ते काम करतात आणि अनोळखी गिऱ्हाईक फारसं घेत नाहीत. त्यांना आपलं नाव कुठे यायला नको आहे, म्हणून इथे फक्त काका म्हणते.

१ मार्चला संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. टेबलावर एचएमटीची दोन मनगटी घड्याळं उघडी पडली होती. काकांचं वय पंचाहत्तरच्या पुढचं. त्यांनी माझ्याशी न बोलता आधी घड्याळ कानाशी धरून हलकेच हलवलं. मग डोळ्याला भिंग लावलं, मागचे तीन स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"ताई, कॉइल जळली असं कोण म्हणालं?"

मी गॅरेजचं सांगितलं. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं आणि चिमट्याचं टोक एका जागी धरलं. कॉइलच्या शेजारी पितळेची एक छोटी पट्टी होती, नखाच्या चंद्रकोरीएवढी. तिचं एक टोक पक्कं होतं आणि दुसरं हवेत वर उचललेलं. खालच्या बिंदूवर डाखाचा, म्हणजे सोल्डरचा एक गोळा होता, राखाडी, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. पट्टीच्या टोकालाही त्याच डाखाचा ठिपका होता. दोघांमध्ये मिलिमीटरभर अंतर.

"हा फ्यूज आहे," काका म्हणाले. "पट्टी स्प्रिंगची आहे, डाखाने दाबून धरलेली. डाख वितळला की पट्टी उडते आणि करंट तुटतो. तुमची कॉइल वाचवायला ठेवलाय तो."

मग त्यांनी मीटरचं एक टोक पट्टीच्या पुढे, थेट कॉइलवर लावलं. बीप वाजला. जळलेली म्हणून सांगितलेली कॉइल शाबूत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी ते बघितलं असावं, कारण ते उठून आत चहाचं सांगायला गेले.

लॉकडाउनमध्ये काय झालं ते तिथे बसल्या बसल्या उलगडलं. गाडी उभी होती, तरी घड्याळ आपलं काम करत होतं. दर दोन-तीन मिनिटांनी पत्र्या टेकत होत्या. बॅटरी उतरत गेली तसा चुंबकाचा झटका कमजोर होत गेला. एक वेळ अशी आली की झटक्यात कमान भरण्याइतकी ताकद उरली नाही. पत्र्या टेकलेल्याच राहिल्या. क्षणभर जाणारा करंट सलग जाऊ लागला, कॉइल तापली आणि तिच्या उष्णतेने डाख वितळला. पट्टी उडाली. ते चार दहाला झालं. नवी बॅटरी घालून काही होणार नव्हतं, कारण वाटच तुटलेली होती. मीटर बाहेरच्या टोकांना लावला तर बीप येणार नाही हेही ओघानेच आलं. तुमच्या घड्याळाबद्दल कुणी कॉइल गेली म्हणालं तर मागचं झाकण उघडून आधी ही पट्टी बघायला सांगा.

काकांनी कामाची यादी सांगितली. स्प्रेने आतलं जुनं तेल चिकट झालं होतं, त्यामुळे पूर्ण खोलून पेट्रोलमध्ये धुवावं लागणार. कॉन्टॅक्टच्या दोन्ही पत्र्या ठिणग्यांनी खड्डे पडून काळ्या झालेल्या. एक घासून चालेल, दुसरी पार झिजलेली. मजुरी ३,५०० रुपये, आगाऊ काही नको. पत्रीसाठी मात्र दुसरं तसलंच घड्याळ बघा, असं ते म्हणाले.

भारतात मिळालं नाही. पंधरा दिवस शोधून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडून बंद पडलेलं, त्याच यंत्राचं घड्याळ ऑनलाइन मागवलं. घड्याळ ५८ युरो, टपाल २१ युरो. कार्डातून ७,६५५ रुपये गेले. १४ एप्रिलला ट्रॅकिंगवर पार्सल भारतात आल्याचं दिसलं आणि मग ते तिथेच थांबलं. आठवड्याभराने कस्टम्सकडून विचारणा आली: ओळखपत्र, पॅन, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, वस्तू नवी की वापरलेली, आणि कशासाठी मागवली. मी सगळं एकाच पीडीएफमध्ये केलं. सोबत गाडीच्या आरसीची प्रत आणि डॅशबोर्डच्या रिकाम्या खळग्याचा फोटो लावला. त्यानंतर तीन आठवडे स्थितीत बदल नाही. रोज सकाळी चहाआधी ट्रॅकिंग बघायची सवय लागली. १९ मे रोजी पोस्टमन आले, ३,१२० रुपये घेतले, पावती दिली.

यातून शिकले ते असं. विक्रेत्याला बिलावर खरी किंमत, 'वापरलेला सुटा भाग', 'जुन्या गाडीसाठी, वैयक्तिक वापर' हे सगळं स्पष्ट लिहायला सांगा आणि त्या बिलाची प्रत पार्सलच्या बाहेरच्या पाकिटातही घालायला लावा. माझ्या पार्सलवर फक्त 'क्लॉक' एवढंच लिहिलेलं होतं. किंमत कमी दाखवायला किंवा 'भेटवस्तू' लिहायला सांगू नका. कागद एकमेकांशी जुळले तरच लवकर सुटका होते.

मे अखेरीस ते घड्याळ काकांकडे नेऊन दिलं, तर त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली. आधी एक डोळा, मग दुसरा. "दोन महिने हात लावणार नाही, नव्या डोळ्यांनी करू," असं म्हणाले. मी घाई केली नाही. मधे २० जूनला पालख्या पुण्यात आल्या, पेठांतले रस्ते बंद झाले, मग पाऊस लागला. या काळात मी बुधवार पेठेतलं काम उरकलं.

ते काम डाखाचं होतं. आपल्याकडे रेडिओ-टीव्हीला वापरतात तो नेहमीचा शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो. या फ्यूजला तो लावून दिला तर घड्याळ चालेल, पण पुन्हा बॅटरी उतरली की डाख वितळायच्या आधी कॉइलच जळायची भीती. त्यामुळे कमी तापमानाला वितळणारा हवा. काकांना ते माहीत होतं, पण मिळेल कुठे ते माहीत नव्हतं. तापकीर गल्लीत विचारत गेले तेव्हा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या एका मुलाने क्षणात पुडी काढली. "१३८ची पेस्ट पाहिजे ना, मॅडम?" बिस्मथ आणि कथलाची पेस्ट, १३८ अंशांना वितळते. मोबाइलचे नाजूक भाग बोर्डावर बसवायला ही मुलं ती रोज वापरतात. १८० रुपये. तिथेच एक डायोडही घेतला, ४००७ नंबरचा. तो कॉइलच्या दोन टोकांमध्ये लावला की पत्र्या सुटताना उडणारी ठिणगी दबते आणि कॉन्टॅक्ट झिजत नाहीत. डायोडवरच्या पट्ट्याची बाजू प्लसकडे यायला हवी. उलटा लावला तर करंट कॉइलमध्ये न जाता डायोडमधूनच जाईल.

डायोडवरून काकांचं आणि माझं थोडं बोलणं झालं. "कंपनीने लावला नव्हता तो आपण का लावायचा?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी मूळ यंत्राचा हट्ट धरलेला, मग त्यात बाहेरचा तुकडा कशाला? शेवटी असं ठरलं की मूळचं काहीही न कापता, पुढेमागे काढता येईल असा तो लावायचा. ५० वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे २०२१चे नियमही मी तेव्हा वाचले. त्यांत चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे, घड्याळातल्या डायोडने त्याला बाधा येत नाही. आम्ही तशी नोंदणी केलेली नाही, कारण ती केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही आणि बाबांना मंडईत जायला गाडी लागते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. घड्याळ चालू झालं होतं. धावतच गेले. टेबलावर एका फळीला ते उभं टांगलेलं होतं, खाली स्कूटरची जुनी बॅटरी. बॅलन्स व्हील उजवी-डावीकडे फिरत होतं आणि त्याच्या मधली केसासारखी स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आकुंचन-प्रसरण पावत होती. मी पत्र्यांकडे बघत बसले. वरची पत्री इतक्या सावकाश खाली येत होती की ती हलते आहे हे कळायला अर्धा मिनिट लागला. दोघींमधली फट दोऱ्याएवढी झाली, मग केसाएवढी, मग दिसेनाशी. टक्. अख्खी फळी हलकेच थरारली आणि पत्री पुन्हा वर. काका म्हणाले, "बघा, आठवणीतला हाच का?" हाच होता.

जर्मनीहून आलेल्या घड्याळातली फक्त एक कॉन्टॅक्ट पत्री वापरली गेली. चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या दगडांना आणि त्या टोकांना, म्हणजे पिव्हटना, स्विस तेल, मोबियसचं ९०१०, सुईच्या टोकाने थेंबाचाही अंश. बाकी सगळं मूळचंच.

घरी आणल्यावर माझ्या हातून एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी. गाडीत बसवायच्या आधी रोज ऐकता यावं म्हणून मी ते राउटरच्या जुन्या अडॅप्टरवर लावलं. १२ व्होल्ट लिहिलेलं होतं, पण करंट अर्धा अँपिअर. या घड्याळाला क्षणभर का होईना त्याच्या कितीतरी पट करंट लागतो. पहिल्याच वेळी पत्र्या टेकल्या, अडॅप्टरचं व्होल्टेज पडलं, झटका बसला नाही. मी स्वयंपाकघरात होते. परत येऊन बघते तो काटे थांबलेले आणि पाठ कोमट. झाकण उघडलं, पट्टी उडालेली. सहा महिन्यांचं काम पाच मिनिटांत घालवलं असं वाटून मी तिथेच खाली बसले. काकांना फोन केला तेव्हा आवाज नीट फुटत नव्हता. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं आणि म्हणाले, "मग चांगलंच झालं की. फ्यूज उडतो का हे आपण कधी तपासणार होतो? उडाला." दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा डाख देऊन घेतला. कॉइलला काहीही झालेलं नव्हतं. बाहेर चालवून बघायचं असेल तर गाडीची किंवा दुचाकीची चार्ज असलेली बॅटरीच वापरा.

काकांनी आणखी आठ दिवस घड्याळ ठेवून घेतलं, वेळ लावायला. ही घड्याळं आडवी ठेवली तर एक चाल, उभी केली तर दुसरी. म्हणून ज्या स्थितीत गाडीत बसणार त्याच स्थितीत, थोडंसं मागे कललेलं ठेवून त्यांनी ते रोज सकाळी सातला तपासलं आणि चाल कमी-जास्त करणारी प्लस-मायनसची काडी किंचित किंचित सरकवली. सुरुवातीला दिवसाला चार मिनिटं पुढे जात होतं. मग गणपती आले, पेठेत गाडी नेणं शक्य नव्हतं. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली, त्यानंतर जाऊन आणलं. काकांनी ३,५००च घेतले, दुसऱ्यांदा दिलेल्या डाखाचे पैसे घेतले नाहीत.

१४ सप्टेंबरला बसवलं. काढताना तीन तास लागले होते, बसवायला दीड. तबकडीमागचे दिव्याचे बल्बही बदलून घेतले, ६० रुपये. ते पुन्हा खोलण्यापेक्षा तेव्हाच बदललेले बरे. ऑइलची नळी घट्ट केल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून, हात घालून कोरडी आहे ना ते बघितलं. आणि २,८०० रुपयांचा एक ट्रिकल चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, घेतला. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर तो लावून ठेवते, म्हणजे २०२०सारखं होणार नाही. डायोड धरून एकूण खर्च १७,३२५ रुपये. यातले जर्मन घड्याळाचे आणि करांचे पावणेअकरा हजार कदाचित वाचले असते. काका नंतर म्हणाले की त्या पत्रीवर चांदीचा नवा ठिपका बसवून देणारा कारागीर रविवार पेठेत मिळाला असता. म्हणून आधी घड्याळ पूर्ण उघडून बघू द्या, पर्याय विचारा, मगच बाहेरून मागवा.

बाबांना नोव्हेंबरपर्यंत कळू द्यायचं नाही असा माझा बेत होता. तो त्याच संध्याकाळी फसला. गाडी जागेवर लावून बघू म्हणून ते खाली आले, स्टिअरिंगवर बसले, आणि इंजिन सुरू करायच्या आधी त्यांचा हात थांबला. मी बाहेर उभी होते, काच अर्धी खाली होती. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी शेजारच्या सीटवर थाप मारून मला आत बोलावलं, आणि आम्ही दोघं पुढच्या टक्ची वाट बघत बसलो.

"अडीच मिनिटं," ते म्हणाले. "पूर्वी पण एवढंच होतं."

कार्यक्रमाला ते त्याच गाडीतून आले. सध्या घड्याळ आठवड्याला दीड मिनिट मागे पडतं. काडी अजून किंचित सरकवता येईल, पण काका म्हणतात की ऋतू बदलू दे, उन्हाळ्यातली चाल बघू आणि मग ठरवू. तोवर दर रविवारी सकाळी बाबा खाली जातात, काचेतून बाहेर आलेली खुंटी दाबून दीड मिनिट पुढे करतात आणि वर येऊन पेपर उघडतात.